मास्तरांचा मित्र

मास्तरांकडे गाडी शिकलेला माणूस कुठेही ओळखू येतो. पेट्रोल पंप दिसला की त्याचा हात आपोआप इंडिकेटरकडे जातो. टाकी भरलेली असो की रिकामी, गाडी पंपावर वळते, हवेच्या मशीनपाशी जरा वेळ उभी राहते आणि काहीच न घडल्यासारखी पुन्हा रस्त्याला लागते. अशाच एका जावयाने सासऱ्यांच्या छातीत दुखत होतं म्हणून त्यांना दवाखान्यात नेताना वाटेत पंपावर गाडी लावली.

"हवा भरायची आहे का?" मागच्या सीटवरून सासऱ्यांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"काही नाही. थांबायचं असतं."

सासरे बरे झाले. जावयाबद्दलचं त्यांचं मत मात्र तेव्हापासून अंथरुणाला खिळून आहे.

मास्तरांची ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक गाळा, एक खुर्ची आणि एक गाडी. शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो तसली. शिकवण्याचा रस्ता एकच. गाळ्यापासून निघायचं ते पेट्रोल पंप. तिथून वाचनालय, मग मंडईची मागची बाजू, मग मोठ्या दवाखान्याचं मागचं फाटक, मग बाग, आणि परत. प्रत्येक ठिकाणी मास्तर म्हणायचे, "आता गाडी मागे घ्या, पुढे घ्या, आरशात बघून रेषेत लावा. मी आलोच." आणि गाडीतून उतरून दिसेनासे व्हायचे. विद्यार्थी घामाघूम होऊन रेषेशी झटत असताना परत यायचे आणि म्हणायचे, "चालवता सगळ्यांनाच येतं. थांबता आलं पाहिजे."

या वाक्याने लोक फार भारावून जात. एका विद्यार्थ्याने ते स्वतःच्या निवृत्तीच्या भाषणात वापरलं आणि टाळ्या घेतल्या. ज्यांना तत्त्वज्ञानात गोडी नव्हती त्यांचं म्हणणं, मास्तरांचं पंपावरच्या कॅशियरबाईंशी काहीतरी असावं. वाचनालय, मंडई आणि बाग इथेही मास्तरांचं काहीतरी असावं का, याचा विचार करायची त्यांची तयारी नव्हती.

दवाखान्याच्या त्या मागच्या फाटकातून आत गेलं की उजव्या हाताला सिस्टरची खोली. ज्यांना लघवी किंवा शौच धरून ठेवता येत नाही अशांना तिथे उपचार मिळत, किंवा योग्य डॉक्टरकडे धाडलं जाई. खोलीला पूर्वी पाटी होती. ठळक, स्वच्छ, कुणालाही कळेल अशी. त्यामुळे कुणीच येत नसे. पाटी वाचून लोक असे तरातरा पुढे जात, जणू त्यांना एक्स-रेच काढायचा होता. मग समितीने बसून इतकं भारदस्त नाव शोधलं की कुणालाच कळेना. त्या पाटीखाली दोन माणसं आली, ती पेन्शनची चौकशी करायला. शेवटी पाटीच काढली. आता चौकशीच्या खिडकीवर नुसतं "सिस्टरची खोली" म्हणतात, आणि माणसं येतात.

पण येतात ती कधीच स्वतःसाठी नाही. कुणी वहिनीसाठी येतं, कुणी शेजारणीसाठी, कुणी साडूसाठी. सिस्टरचा नियम होता, कुणाला पकडायचं नाही.

"वहिनींना खोकताना होतं की हसताना?"

"दोन्ही वेळेला. म्हणजे, असं ती म्हणत होती."

"वहिनींना म्हणावं, बाळंतपणानंतर पुष्कळींना होतं. व्यायाम आहेत. इथे झोपा, तुम्हाला दाखवते, तुम्ही त्यांना दाखवा."

काही महिन्यांनी वहिनी बरी व्हायची आणि जी बाई आली होती ती चारचौघांत मोकळी हसायला लागायची. एका बँकेतल्या साहेबांनी आपल्या शिपायाचा म्हणून शौचाचा त्रास सांगितला होता. शिपाई ठणठणीत. आपल्याला काय झालं होतं आणि त्यातून आपण किती छान बरे झालो, याची त्या बिचाऱ्याला अजून कल्पना नाही.

जे असल्या आडमार्गानेही येत नसत त्यांच्या घरी आता सिस्टरनी जायचं ठरलं होतं. त्यासाठी दवाखान्याला गाडी मंजूर झाली. ड्रायव्हर मंजूर झाला नाही. म्हणून पन्नाशीच्या सिस्टर मास्तरांच्या गाडीत येऊन बसल्या.

पहिल्याच फेरीत त्यांच्या लक्षात आलं. पंप, वाचनालय, मंडई, दवाखाना, बाग. हा रस्ता त्यांना पाठ होता. त्यांच्या खोलीत येणारा प्रत्येक माणूस असाच एक नकाशा डोक्यात घेऊन फिरायचा. बाकीच्या जगाला गावात दुकानं, देवळं, शाळा दिसतात. या माणसांना फक्त बाथरूम दिसतात, आणि त्यांच्या मधली भयाण अंतरं. मास्तरांच्या सीटवर कव्हराखाली काहीतरी कुरकुरायचं, प्लास्टिकसारखं. पँट रोज काळी. ओठ कोरडे पडलेले, आणि उन्हाने टाळकं तापलं तरी पाण्याची बाटली सोबत नाही.

सिस्टर गाडी शिकत राहिल्या. मागे घ्या म्हटलं की मागे घेतली, पुढे घ्या म्हटलं की पुढे घेतली.

मग एके दिवशी पंपाच्या अलीकडे रस्ता खणलेला निघाला. आदल्या संध्याकाळपर्यंत चांगला होता, म्हणूनच खणला असावा. पोलिसाने हात करून सगळ्यांना बाहेरच्या मोठ्या रस्त्याला लावलं. तिथे पुढे ट्रक, मागे ट्रक, आणि मधे एल अक्षराची पाटी लावलेली मास्तरांची गाडी. मास्तरांच्या सूचना हळूहळू बंद पडल्या. मग गाडीच बंद पडली.

"मास्तर, ब्रेक तुम्ही दाबलाय."

"माहितीये," मास्तर म्हणाले. ते समोर बघत होते. गुडघे एकमेकांना चिकटलेले. कपाळावरून घाम ओघळत होता, तो त्यांनी पुसला नाही. बहुधा हलायचीच भीती वाटत होती.

रस्त्याच्या कडेला फर्निचरचं मोठं दुकान होतं.

"मास्तर, मला जायचंय," सिस्टर म्हणाल्या.

"कुठे?"

"जायचंय हो! बाईमाणसाला किती स्पष्ट बोलायला लावता? पाय काढा ब्रेकवरून."

आणि त्यांनी इंडिकेटर दिला, आरशात न बघता गाडी वळवली, फुटपाथवर चढवली आणि दुकानापुढच्या कुंडीला टेकवून थांबवली. कुंडी आडवी झाली. दुकानातला विक्रेता धावत बाहेर आला. पण गिऱ्हाईक उतरतंय म्हटल्यावर कुंडीचं दुःख त्याने गिळलं.

"या ना मॅडम. सोफा बघायचाय?"

"बाथरूम बघायचंय."

"बाथरूमचं सामान आपण ठेवत नाही."

"ठेवत नसाल. वापरत तर असाल?"

विक्रेत्याने निमूटपणे कपाटांच्या मागचं दार दाखवलं. सिस्टर मास्तरांकडे वळल्या. "तुम्ही आधी जाऊन बघा बरं, कडी लागते का. मला बिनकडीच्या जागेची फार भीती."

मास्तर गेले. ज्या वेगाने गेले त्या वेगाने जायला त्यांनी आजवर एकाही विद्यार्थ्याला परवानगी दिली नव्हती.

सिस्टरनी तोवर तीन सोफे दाबून पाहिले, एकाला नावं ठेवली. कडी तपासायला लागावा त्याहून बऱ्याच वेळाने मास्तर बाहेर आले. ते वेळेत पोचले होते की नाही हे त्यांचं त्यांनाच माहीत, कारण सिस्टरनी त्यांच्या पँटकडे पाहिलं नाही. त्यांच्या नोकरीतली ही खरी विद्या, कुठे पाहायचं नाही ते कळणं.

"कडी लागते," मास्तर म्हणाले. "पाणीही आहे."

"देव पावला," म्हणून सिस्टर आत गेल्या. त्यांना गरज नव्हती. पण खोटं बोलायचंच तर अर्धवट कशाला?

परत गाडीत बसल्यावर दोघंही थोडा वेळ आडव्या कुंडीकडे बघत राहिले.

"माझा एक मित्र आहे," मास्तर म्हणाले.

"असतो," सिस्टर म्हणाल्या.

"त्याला जरा त्रास आहे."

"अचानक होतं का मित्राला? म्हणजे आत्ता काही नाही, आणि पुढच्या मिनिटाला…"

"मिनिट कुठलं मिळतंय त्याला!"

"घरी पोचून कुलूप उघडताना जास्त?"

मास्तरांनी चमकून पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"सगळ्या मित्रांचं तसंच असतं. पाणी किती पितात?"

"पाणी नाहीच. दुपारपर्यंत एखादा घोट."

"तिथेच चुकतं. पाणी तोडलं की लघवी घट्ट होते आणि मूत्राशयाला जास्त झोंबते. आणि चहा?"

"चहा पितो. माणूस आहे शेवटी." मास्तरांनी टॉवेलएवढा रुमाल काढून अखेर कपाळ पुसलं. "आता वयही झालं त्याचं. चालायचंच."

"वय झालं म्हणून चष्मा लावत नाहीत का ते? तसंच हे. उपचार असतात."

हे मास्तरांना नवीन होतं. त्यांना वाटत होतं की केस पिकतात, दात हलतात आणि हे होतं; पहिल्या दोन गोष्टी लोक सांगतात, तिसरी सांगत नाहीत, एवढाच फरक.

"पुरुषमाणूस असून एवढा घाबरतो," ते म्हणाले, "असं तुम्हाला वाटेल. बाकीचे गाडी कडेला घेतात आणि मोकळे होतात. पण तो शिकवणारा माणूस आहे. रस्त्याच्या कडेला उभा राहणाऱ्याला परवाना देऊ नये असं आयुष्यभर सांगत आलाय. आणि दार उघडून उतरेपर्यंत धीर कुणाला असतो?"

"शिकवणारा" हा शब्द सिस्टरच्या कानावर पडला नाही. पडला असला तरी त्यांनी तसं दाखवलं नाही.

मग मित्राची मुलगी निघाली. तिने चार वर्षांपूर्वी स्वतःच्या पसंतीने लग्न केलं. मित्र आधी दोन आठवडे फुगून बसला होता. बाप म्हणून तेवढं करावंच लागतं. मग जावई पाहिला, आवडला, लग्नात सगळ्यात जास्त मित्रच नाचला. मुलगी घाटापलीकडच्या गावी गेली. महिन्याभराने तिने बोलावलं आणि मित्र एकटाच बसने निघाला, कारण बायको आधीच पोचली होती. घाटात बस थांबत नाही. घाट लांब आहे. बस घाट उतरली तेव्हा मित्र ओला होता. शेजारच्या माणसाने काही न बोलता जागा बदलली. घाटाखालच्या पहिल्याच थांब्यावर मित्र उतरला, पिशवी पोटापुढे धरून उलट्या बसने घरी आला. मुलगी तिकडे स्टँडवर उभी होती.

"मग त्यांनी काय सांगितलं मुलीला?"

"काही नाही. सांगायची वेळच आली नाही. सगळ्यांनी आपणहूनच ठरवलं की बापाचा राग गेलेला नाही, अर्ध्या वाटेतून परत फिरला. बायकोही तेच धरून बसली. मग तो जायचं टाळत राहिला आणि ते पक्कं होत गेलं."

"आणि मित्राने ते तसंच राहू दिलं?"

"रागाला काहीतरी मान असतो हो," मास्तर म्हणाले. "रागावलेल्या बापापुढे लोक जपून बोलतात. ओल्या बापाशेजारून लोक उठून जातात."

"मित्राला खोलीवर घेऊन या," सिस्टर म्हणाल्या.

"तो येणार नाही."

"मग तुम्ही या. त्यांच्या वतीने."

मास्तरांनी मग आरशात न बघितल्याबद्दल ओरडून घेतलं आणि म्हणाले, "गाडी मागे घ्या."

मास्तर आले. मागच्या फाटकाने, वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली घेऊन. "मित्राची," त्यांनी सांगितलं. लघवी तपासली, साखर तपासली. सोनोग्राफीपाशी मात्र अडलं.

"ती मित्राचीच करावी लागेल," सिस्टर म्हणाल्या.

"मी करून घेतली तर?"

सिस्टरनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "चालेल. अंगकाठी सारखीच असणार."

डॉक्टरांना दिसलं ते असं: प्रोस्टेट ग्रंथी जराशी वाढलेली, घाबरण्यासारखी नाही, पोट वर्षानुवर्षं साफ नाही, त्याचाही दाब, आणि मूत्राशयाला लागलेली वाईट खोड. त्यांनी गोळ्या दिल्या. खोडीचं खातं सिस्टरकडे सोपवलं.

"मित्राने मूत्राशयाला लाडावून ठेवलंय," सिस्टर म्हणाल्या. "गरज असो नसो, दर थांब्यावर जाऊन यायचं. आता ते जरासं भरलं तरी हॉर्न वाजवतं. उगाच जाऊन यायचं बंद करा. पाणी दिवसभर थोडं थोडं प्या. चहा कमी."

"चहा?"

"बंद म्हटलं नाही. माणूस आहे शेवटी. आणि कळ आली की पळायचं नाही. जिथे असाल तिथे थांबायचं, बसायचं. लघवी मधेच अडवताना जे स्नायू आवळतात तेच आवळा, सोडा, पुन्हा आवळा. कळ चढते तशी उतरतेही. उतरली की मग सावकाश चालत जायचं."

"पळायचं नाही?" मास्तरांना हे भलतंच वाटलं. "थांबायचं?"

"चालवता सगळ्यांनाच येतं, मास्तर."

मास्तर सिस्टरकडे बघत राहिले. स्वतःचं वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

सुधारणा झाली, पण सरळ रेषेत नाही. काही आठवडे बरे गेले. मग एकदा घराच्या दारात, किल्ली कुलपात असताना, सगळा अभ्यास वाहून गेला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी गोळ्यांचं पाकीट सिस्टरच्या टेबलावर ठेवलं.

"मित्र म्हणतो, पुरे झालं. हे काही जमायचं नाही."

सिस्टरनी पाकीट उचललं नाही. "मित्राकडे शिकणारी एक बाई कुंडीवर धडकली होती. मित्राने तिला काय सांगितलं? घरी जा, जमायचं नाही?"

"ओरडलो."

"आणि मग?"

"म्हणालो, गाडी मागे घ्या."

"मग घ्या मागे."

मास्तरांनी पाकीट पुन्हा खिशात घातलं. ते "ओरडलो" म्हणाले होते, "ओरडला" नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं होतं.

पुढे गावाने एक अघटित पाहिलं. मास्तरांची गाडी पेट्रोल पंपावरून न थांबता पुढे गेली. पंपावरचा पोरगेला हवावाला नळी हातात घेऊन रस्त्यापर्यंत आला आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. कॅशियरबाईंशी बिनसलं, असं संध्याकाळपर्यंत सर्वमान्य झालं. त्याच सुमारास सिस्टर परवान्याची परीक्षा पास झाल्या. परीक्षेच्या वाटेत पंप लागला तेव्हा त्यांनी इंडिकेटर दिला होता. परीक्षा घेणारे साहेब नुसते म्हणाले, "मास्तरांच्या विद्यार्थिनी का?" आणि सही केली.

मग मुलीचा फोन आला. आईला आला, बापाला येणं केव्हाच बंद झालं होतं. मास्तर जेवत होते. बायकोने फोन ठेवला आणि भांडी जरा जास्तच आवाज करत उचलायला लागली.

"काय म्हणत होती?"

"म्हणाली, आता मी बोलावणार नाही. दर वेळी बोलवायचं आणि दर वेळी कारण ऐकायचं. बाबांचा राग बाबांना लखलाभ." तिने ताटली आपटली. "आणि तिचं चुकलं असं मला आज म्हणवलं नाही. आजवर म्हणत आले."

मास्तर जेवत राहिले. काय जेवले ते त्यांना सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ते खोलीवर आले आणि उभ्यानेच विचारलं, "मित्र घाट पार करेल का?"

"मला माहीत नाही," सिस्टर म्हणाल्या. "पूर्वीपेक्षा खूप बरं आहे. अजून पूर्ण बरं नाही. पॅड लावून जा, जादाची पँट घ्या, घाटाआधी आणि घाटानंतर थांबा. त्याउपर एखादे वेळी झालंच, तर पँट बदलता येते." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पण मास्तर, घाटाचं उत्तर मूत्राशय देईल. मुलीला द्यायचं उत्तर मूत्राशयाकडे नाही. आणि त्यावर माझ्याकडे गोळीही नाही."

रविवारी सकाळी मास्तर बायकोला म्हणाले, "चल, पोरीकडे जाऊ." बायकोने आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग मास्तर म्हणाले, "तू चालव," तेव्हा तिला खरंच काळजी वाटली. पण ती चालवायला बसली. स्कूलचीच गाडी, एल अक्षरावर कागद चिकटवलेला.

घाटाच्या पायथ्याशी पेट्रोल पंप होता. बायकोने इंडिकेटर दिला, गाडी वळवली आणि हवेच्या मशीनपाशी उभी केली. तीही मास्तरांचीच विद्यार्थिनी. मास्तर जाऊन आले, या वेळी खरोखर गरज होती म्हणून, आणि परत बसले. तिने किल्ली फिरवायला हात घातला.

"प्रत्येक पंपावर थांबायची गरज नसते," मास्तर म्हणाले.

"तुम्हीच शिकवलंत."

"चुकीचं शिकवलं." त्यांनी घसा खाकरला. "त्याचं असं आहे, माझा एक मित्र आहे…"

"तुम्हाला कुठला आलाय मित्र?"

"आहे एक."

"इतक्या वर्षांत तुमच्याकडे एक माणूस कधी चहाला आला नाही. नाव सांगा बघू त्याचं."

मास्तर हवेच्या मशीनकडे बघत राहिले. मशीनकडून काही मदत झाली नाही.

"मीच तो," ते म्हणाले. आणि मग बस, घाट, शेजारचा माणूस, पोटापुढची पिशवी, सिस्टरची खोली, सगळं सांगितलं. मित्राशिवाय, त्यामुळे थोडक्यात आटोपलं.

बायकोने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"म्हणजे तुम्ही रागावला नव्हतात?"

"दोन आठवडे होतो. लग्नाआधी."

"आणि चार वर्षं मी पोरीची समजूत घालतेय! बाबा वरून कडक आहेत गं, आतून मऊ आहेत. रात्री उठून फेऱ्या घालतात, तुझ्या आठवणीने झोप लागत नाही त्यांना. आणि तुम्ही आतून…" तिला पुढचा शब्द सापडेना. "स्वतःची पँट स्वतः धुतात म्हणून मी शेजारणींना जळवत होते!" तिने त्यांच्या दंडावर एक चापट मारली, मग आणखी एक, आणि मग तोच दंड धरून तोंड खिडकीकडे वळवलं. हवावाला हवा भरायची का विचारायला येत होता. तो अर्ध्यातूनच परत गेला.

"मला तरी सांगायचं," ती खिडकीला म्हणाली.

"तुलाच तर सांगता येत नव्हतं."

तिने डोळे पुसले, गाडी सुरू केली. "घाटात लागली तर सांगा. मी थांबवीन. थांबायला तुमच्याकडेच शिकलेय."

घाटाच्या मध्यावर एक ट्रक बंद पडला होता. रांग. वळणावर कठडा, खाली दरी. गाडी एकदम गचका खाऊन जागच्या जागी थिजली. बायकोने खाली पाहिलं. मास्तरांचा बूट दुसऱ्या ब्रेकवर होता.

"आली का?"

"आली."

"उतरायचंय?"

"नको. थांब."

मास्तर समोरच्या गाडीच्या नंबरवर नजर रोखून बसले. आवळत होते, सोडत होते. बायकोने रेडिओ बंद केला. त्याने काय होणार होतं कोण जाणे, पण तिला तसं वाटलं. ती पण श्वास धरून बसली. मागचा हॉर्न वाजवत होता. तिने काचेतून हात बाहेर काढून त्याला इतक्या जोरात थांबायची खूण केली की तो दचकून गप्प झाला.

मग बूट ब्रेकवरून हळूच उचलला गेला.

"गेली?"

"गेली."

"कुठे गेली?"

"मला काय माहीत!" मास्तर म्हणाले, आणि दोघंही हसायला लागले. मास्तर जपून हसले.

घाट उतरल्यावर टपरीमागच्या बाथरूमकडे ते चालत गेले. सावकाश. बायको गाडीतून बघत होती; लग्नात माळ घालायला येतानाही ते इतक्या रुबाबात आले नव्हते.

मुलीने दार उघडलं. मागे जावई. आईला बघून तिचा चेहरा उजळला, बापाला बघून जागच्या जागी थांबला.

"या," पाहुण्यांना म्हणावं तसं ती म्हणाली. "बसा."

नवा सोफा होता, साईच्या रंगाचा. मास्तर बसले नाहीत. वाटेत त्यांनी तीनचार वेळा मनात जुळवलेली वाक्यं होती. दारातच ती सांडली.

"त्या दिवशी मी बसने येत होतो. घाट उतरलोही होतो."

"माहितीये. आणि परत फिरलात."

"माझी पँट ओली झाली होती."

मुलगी बघत राहिली. जावयाने तत्परतेने छताच्या पंख्याकडे पाहायला सुरुवात केली.

"मला लघवी धरवत नव्हती," मास्तर जरा मोठ्याने म्हणाले, मागच्या बाकावरच्यांनाही ऐकू जावं तसं. "आता उपचार चालू आहेत. पुष्कळ बरं आहे. अजून पूर्ण नाही. राग नव्हता. लग्नानंतर राग कधीच नव्हता."

"मी शेवटची बस जाईपर्यंत स्टँडवर होते," मुलगी म्हणाली.

"हो."

"मला वाटलं…"

"मी वाटू दिलं. तेवढं माझं."

तिचा एकदम संतापच बाहेर पडला. "अहो, पँट होती ना घरात! ह्यांच्या ढीगभर पँटी होत्या! स्टँडवरून घर ते केवढं!"

"माप बसलं नसतं," जावई पंख्याला म्हणाला.

"तू गप्प बस!" ती ओरडली, आणि बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. मास्तर तिच्या पाठीवर थोपटत राहिले. विद्यार्थ्याने गाडी पहिल्यांदा रेषेत लावल्यावर थोपटायचे तसे, हलक्या हाताने.

थोड्या वेळाने तिने नाक ओढलं आणि कामाला लागली. "बाथरूम तिथे, डाव्या हाताला. आधी जाऊन या."

"आत्ता नको."

"संकोच कसला बाबा, घरच आहे. जाऊन या."

"गरज नसताना जायचं नसतं," मास्तर म्हणाले. "लाडावतं."

आई पदराआड हसली. मुलीला काही कळलं नाही, पण तिने वाद घातला नाही. "बरं, मग बसा तरी."

मास्तरांनी साईच्या रंगाच्या सोफ्याकडे पाहिलं. गेली कित्येक वर्षं ते दुसऱ्याच्या घरी लाकडी खुर्ची शोधायचे आणि तिच्या कडेवर बसायचे. ते सोफ्यावर बसले, मागे सरकले आणि पाठ टेकली.

मुलगी पाणी घेऊन आली. आईला ग्लास दिला आणि बापाच्या पुढ्यात आल्यावर सवयीने ट्रे तसाच पुढे न्यायला लागली, कारण बाबा बाहेर कुठे पाणी पीत नाहीत हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मास्तरांनी ट्रेवरचा ग्लास उचलला. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. रिकामा ग्लास तिच्यापुढे धरला.

"अजून आण," ते म्हणाले.